विदिच नव्हे, फर्डिनंडच

प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा मँचेस्टर युनायटेडचा सर्वोत्तम सेंटर-बॅक कोण, हा विषय क्लबच्या पाठीराख्यांत निघाला की पहिलं नाव बहुतेक वेळा नेमान्या विदिचचं येतं, त्याच्या पाठोपाठ याप स्टामचं. रिओ फर्डिनंडचं नाव निघतं ते विदिचचा जोडीदार म्हणून, नाहीतर ‘त्या दोघांना वेगळं काढूच नका’ असं म्हणून कुणी वाद मिटवायला बघतं तेव्हा. मला हा क्रम साफ अमान्य आहे. १९९२ पासून युनायटेडच्या बचावात जे जे उभे राहिले, त्या सगळ्यांत फर्डिनंड श्रेष्ठ होता. पण पूर्वपक्ष कच्चा नाही, म्हणून आधी तो पुरता मांडतो.

विदिच जानेवारी २००६ मध्ये स्पार्टाक मॉस्कोकडून आला, जेमतेम ७० लाख पौंडांत. युनायटेडसाठी ३०० सामने, २१ गोल, पाच लीग विजेतेपदं, २००८ ची चॅम्पियन्स लीग, २०१० पासून कर्णधारपद. लीगचा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू हा किताब एरवी गोल करणाऱ्यांच्या वाट्याला जातो. विदिचने तो दोनदा घेतला, २००८-०९ मध्ये आणि २०१०-११ मध्ये. फर्डिनंडला तो एकदाही मिळाला नाही. शिवाय विदिच भिडायचा. दुसरा पाय घालायला कचरेल तिथे तो डोकं घालायचा. ओल्ड ट्रॅफर्डच्या स्टँडमध्ये त्याच्या नावाचं गाणं उगाच घुमलं नाही. अशा खेळाडूवर लोकांचा जीव जडणारच, माझाही आहे.

पण जीव जडणं वेगळं आणि श्रेष्ठत्व वेगळं. सेंटर-बॅकचं काम नेमकं काय? प्रतिस्पर्ध्याचा पास जिथे जायला हवा, ती जागाच मोकळी न ठेवणं हे पहिलं. तरी पास आलाच तर स्ट्रायकरच्या आधी चेंडूवर पोचणं हे दुसरं. आणि ही दोन्ही फसली तर अंगावर घेणं, म्हणजे टॅकल, ब्लॉक, गोलरेषेपाशी झेप. आपल्या टाळ्या, आपले किताब आणि आपल्या आठवणी जवळजवळ सगळ्या या तिसऱ्या कामाला मिळतात, कारण डोळ्यांना दिसतं तेवढंच. कबड्डी पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चढाईपटूवर झेप टाकून पकड करणारा कोपरारक्षक सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण शेजारचा कव्हर अर्धं पाऊल सरकून त्याची बोनसकडे जायची वाटच बंद करतो, तेव्हा चढाईपटू रिकाम्या हाताने परततो आणि त्याबद्दल कुणी शिट्टी मारत नाही. विदिच पकड करणारा होता. फर्डिनंड वाट बंद करणारा होता, आणि वेळ पडली तर पकडही करायचा.

याचा पुरावा ओल्ड ट्रॅफर्डवरच आहे. १४ मार्च २००९, लिव्हरपूलविरुद्धचा सामना. रोनाल्डोच्या पेनल्टीने युनायटेड पुढे होतं. लिव्हरपूलच्या मार्टिन स्क्रटेलने मागून चेंडू लांब भिरकावला. विदिच त्याच्याखाली होता, हेडर मारून मोकळं व्हायला वेळही होता. त्याने चेंडू टप्पा पडू दिला. मागून आलेल्या फर्नांडो टोरेसने तो त्याच्या पायातून काढून घेतला आणि थेट गोलकीपरसमोर जाऊन बरोबरी साधली. पुढे जेरार्डला मागून ओढल्याबद्दल विदिच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, त्याच फ्री किकवर आणखी एक गोल बसला आणि सामना ४-१ ने गेला. सप्टेंबर २००८, मार्च २००९, ऑक्टोबर २००९ अशा लागोपाठ तीन लीग सामन्यांत लिव्हरपूलविरुद्ध विदिच मैदानाबाहेर काढला गेला.

एका वाईट दुपारवरून माणूस मोजू नये, हे मान्य. टोरेसने फर्डिनंडलाही सोडलं नव्हतं. त्याच ऑक्टोबरात ॲनफिल्डवर खांद्याला खांदा लावून त्याने फर्डिनंडला मागे टाकलं आणि गोल केला. तेव्हा गोल कुणाकडून जास्त झाले याचा हिशेब मी मांडत नाही. मला दाखवायची आहे ती विदिचच्या खेळातली जोखीम. तो चेंडूकडे जाण्यावर भिस्त ठेवायचा. तो पोचला तर सगळं फत्ते, पण नाही पोचला तर पुढे जर्सी ओढण्याखेरीज हातात काही उरत नसे. तीन लाल कार्डं हा योगायोग नव्हता, ती त्या पद्धतीची किंमत होती. फर्डिनंडला कार्डं क्वचित दिसायची. स्ट्रायकर आणि गोल यांच्यामध्ये तो आधीच अशा कोनात उभा असायचा की ओढाओढीची वेळ सहसा येत नसे.

आता ‘जोडी वेगळी काढू नका’ या म्हणण्याकडे वळू. ऐकायला हे समंजस वाटतं, पण ते उत्तर टाळणं आहे. जोडी दुखापतींनी वेगळी काढलीच होती, आणि तीही क्लबच्या अलीकडच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या वसंतात.

एप्रिल २००८. चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, रोममध्ये रोमाविरुद्ध. पूर्वार्धातच विदिच गुडघा धरून बाहेर गेला. युनायटेड २-० ने जिंकलं. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या परतीच्या सामन्यात फर्डिनंडशेजारी होता एकवीस वर्षांचा जेरार्ड पिके. रोमाची एक पेनल्टी वाया गेली, गोल झाला नाही. मग उपांत्य फेरी बार्सिलोनाशी. कॅम्प नाऊवर विदिच आजारी. परतीच्या सामन्याच्या तीन दिवस आधी चेल्सीविरुद्ध खेळताना तो जायबंदी झाला, म्हणजे तिथेही नाही. दोन्ही वेळा मधोमध फर्डिनंड आणि वेस ब्राऊन. ब्राऊन त्या मोसमात एरवी उजवीकडे खेळायचा, त्याच्या जागी ओवेन हारग्रीव्ज, जो मुळात मिडफिल्डर. अशा जुळवाजुळवीच्या फळीसमोर मेस्सी, एटो, इनिएस्ता, मागून शावी आणि डेको. कॅम्प नाऊवर ०-०. ओल्ड ट्रॅफर्डवर चौदाव्या मिनिटाला पॉल स्कोल्सने लांबून मारलेला तो गोल, आणि त्यानंतर पंच्याहत्तर मिनिटांहून अधिक काळ एका गोलची आघाडी सांभाळायची. एकही गोल खाल्ला नाही. बाद फेरीचे चार सामने, तीन वेगवेगळे साथीदार, शून्य गोल. या चारही सामन्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत मध्यबचावात कायम होता तो एकटा फर्डिनंड. कर्णधार नेव्हिल खेळायला सज्ज नव्हता आणि गिग्ज राखीव बाकावर होता, म्हणून मॉस्कोच्या अंतिम सामन्यात कर्णधाराची पट्टीही त्याच्याच दंडावर होती.

इथे माझ्या विरोधकाकडे एक चोख उत्तर आहे, आणि ते मला दडवायचं नाही. २००८-०९ च्या हिवाळ्यात युनायटेडचा गोलकीपर एडविन व्हॅन डर सारने लीगमध्ये लागोपाठ १४ सामने गोल खाल्ला नाही. १,३११ मिनिटं. त्यातले कित्येक सामने फर्डिनंड पाठदुखीने बाहेर होता आणि विदिचच्या जोडीला जॉनी इव्हान्स होता. जानेवारीत चेल्सीला ३-० ने हरवलं तेही या जोडीने, आणि त्या दिवशी पहिला गोल विदिचचाच. म्हणजे विदिचही बचाव एकट्याच्या खांद्यावर पेलू शकत होता. ते मी बिनशर्त मान्य करतो. पण दोन परीक्षा सारख्या नव्हत्या. लीगमध्ये बहुतेक संघ युनायटेडसमोर मागे बसून लांब चेंडू टाकायचे आणि असा चेंडू विदिचच्या डोक्यासाठीच असायचा. बार्सिलोना चेंडू हवेत टाकतच नव्हतं. ते तुम्हाला जागेवरून हलवायला बघत होतं, आणि तिथे हेडरपेक्षा कधी जागचं हलायचं नाही हे कळणं जास्त मोलाचं होतं. कठीण परीक्षा फर्डिनंडची होती आणि तो तिला उतरला. पुढे २००९ आणि २०११ च्या अंतिम सामन्यांत त्याच बार्सिलोनाने दोघांनाही हरवलं, तेव्हा त्या पराभवांतून कुणालाच झुकतं माप मिळत नाही.

याप स्टामचा पक्ष भावनेवर उभा आहे. तीन मोसम, तीन विजेतेपदं, १९९९ ची तिहेरी कमाई, आणि मग ऑगस्ट २००१ मध्ये अचानक लाझिओला विक्री, जी चूक होती हे प्रशिक्षक फर्ग्युसननेही पुढे कबूल केलं. अर्ध्यात सुटलेल्या गोष्टीचं आकर्षण फार असतं. पण आकडे बघा. १९९९-२००० मध्ये स्टामच्या संघाने लीगमध्ये ४५ गोल खाल्ले. तो संघ ९७ गोल मारून जिंकत होता, म्हणून ते खपून गेलं. २००७-०८ मध्ये फर्डिनंड आणि विदिच मागे असताना खाल्लेले गोल २२. अर्थात कर्णधार कीनच्या त्या संघाचा बाज आक्रमक होता, सगळा दोष स्टामच्या माथी मारता येणार नाही. तरी युनायटेडकडून १२७ सामने खेळलेल्या माणसाला ४५५ सामने खेळलेल्याच्या वर बसवायचं तर त्याचा खेळ कितीतरी पटींनी सरस असायला हवा. तो तसा नव्हता. फर्डिनंडच्या तोडीचा होता, एवढंच म्हणता येईल.

स्टीव्ह ब्रूस आणि गॅरी पॅलिस्टर यांच्याविषयी आदर बाळगून एवढंच म्हणेन की त्यांनी क्लबला सव्वीस वर्षांनी लीग मिळवून दिली. पण चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांच्या बचावाची घडी बसली नाही.

उरतात ते फर्डिनंडवरचे आक्षेप. पहिला आक्षेप सप्टेंबर २००३ मध्ये चुकवलेल्या उत्तेजक चाचणीचा. आठ महिन्यांची बंदी आली, युरो २००४ हुकली, आणि विजेतेपदाच्या शर्यतीत असलेला संघ मोसमाअखेर तिसरा आला. ही चूक सर्वस्वी त्याची होती, तिचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्याच्या जाण्याने फळीला पडलेलं भगदाड त्याचं मोलच सांगतं. दुसरा आक्षेप किमतीचा. २००२ मध्ये लीड्सला मोजलेले सुमारे तीन कोटी पौंड तेव्हा डोळे पांढरे करणारे होते. बारा मोसम आणि सहा लीग विजेतेपदांनंतर ही तक्रार कुणी करू नये. गोल फक्त आठ, असंही म्हणतात. खरं आहे, आणि त्यातला एक १२ मे २०१३ चा, स्वान्सीविरुद्ध, ओल्ड ट्रॅफर्डवरच्या फर्ग्युसनच्या अखेरच्या सामन्यातला विजयी गोल.

माझ्या मते त्याचं खरं श्रेष्ठत्व त्याच्या उतारवयात दिसतं. पाठीने त्याचा वेग हिरावून घेतला होता. तरुणपणी जागा चुकली तर तो पळून भरून काढायचा, ती सोय संपली. तेव्हा त्याने जागा चुकणंच कमी केलं. दोन पावलं मागून सुरुवात, शेजाऱ्याला सतत हाताने खुणावणं, चेंडू पायात आला की घाई न करता मिडफिल्डकडे सरकवणं. डिसेंबर २०११ मध्ये बाझलला विदिचचा गुडघा गेला आणि उरलेला मोसम तो बाहेर राहिला. त्यानंतर मागची फळी फर्डिनंडने इव्हान्सला हाताशी धरून चालवली. २०१२-१३ मध्ये चौतिशीच्या फर्डिनंडला इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी मोसमाच्या सर्वोत्तम संघात निवडलं. ही निवड त्याच्यासमोर खेळणाऱ्यांची होती, आणि न दिसणारं काम त्यांना दिसतं, कारण अडतं ते त्यांचंच.

म्हणून विदिचच्या पाठीराख्यांना एक विनंती. २९ एप्रिल २००८ चा ओल्ड ट्रॅफर्डवरचा बार्सिलोनाचा सामना पुन्हा लावा. स्कोल्सचा गोल झाला की चेंडूवरची नजर काढा आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत फक्त पाच नंबरकडे बघा. मग सांगा तुमचं मत.