नुसते अँपियर वाढवून भागणार नाही

इचलकरंजी किंवा सोलापूरच्या प्रोसेस हाऊसमध्ये इलेक्ट्रोकोअ‍ॅग्युलेशनच्या टाकीतून पाणी बाहेर पडले आणि रंग तसाच राहिला, की ऑपरेटरचा हात रेक्टिफायरच्या नॉबकडे जातो. अँपियर वाढतात, प्लेटा झिजतात, गाळ वाढतो, वीजबिलही वाढते. पाणी मात्र पुष्कळदा पूर्वीइतकेच गढूळ राहते. ही सवय मोडली पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटांच्या एका जोडीतून एक अँपियर-तास वीज गेली, की फॅरडेच्या नियमाने सुमारे 0.336 ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम विरघळते. म्हणजे ताशी एक घनमीटर पाण्याला 100 अँपियर दिले, तर लिटरमागे साधारण 34 मिलिग्रॅम मात्रा पडते. हा हिशेब बहुतेकांना पाठ असतो. ही मात्रा पाण्यातल्या कशाला भिडते, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या रेणूंवर सल्फोनेट गट असतात, त्यामुळे ते पाण्यात ऋणभारित असतात. पाण्यातले बारीक कणही बहुधा ऋणभारित. कणांवरच्या भाराचा अंदाज देणारे झीटा पोटेन्शियल उणे 30 मिलिव्होल्टच्या आसपास असले, तर कण एकमेकांना दूर लोटतात आणि बसत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचे धनभारित हायड्रॉक्साइड हा भार मोडते, पण पीएच आम्लधर्मी ते उदासीन असेल तेव्हाच. रंगाईचे पाणी सोडा अ‍ॅशमुळे 10 ते 11 पीएचचे असते. तिथे अ‍ॅल्युमिनियमचे ऋणभारित अ‍ॅल्युमिनेट होते आणि ते रंगाला धरत नाही. दुसरीकडे मात्रा अती झाली, की कणांवर धनभार चढतो आणि ते पुन्हा तरंगत राहतात. नॉब फिरवणाऱ्याला हे उशिरा कळते.

आता ढवळण्याबद्दल, कारण खरी गफलत इथेच होते. प्लेटांमध्ये एक सेंटिमीटर अंतर आणि सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर वेग असला, तर प्रवाह थरांथरांनीच वाहतो. अ‍ॅनोडजवळचे पाणी आम्लधर्मी आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेले, कॅथोडजवळचे अल्कधर्मी, आणि मधल्या पाण्याला फारसे काही मिळालेले नसते. एकाच टाकीत कुठे मात्रा जास्त, कुठे कमी. अ‍ॅल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड काही सेकंदांतच बनते. तेवढ्या वेळात ते पाण्यात पसरले नाही, तर भार मोडण्याची ताकद वाया जाते. अँपियर-तासामागे कॅथोडवर सुमारे 0.4 लिटर हायड्रोजन सुटतो. त्याचे बुडबुडे पाणी हलवतात खरे, पण तेवढ्यावर विसंबू नये. (हा वायू साचू देऊ नका; टाकीवर वायुवीजन हवेच.)

यावर उपाय म्हणजे पहिल्या मिनिटात जोराचे ढवळणे, मग हळुवार. कॅम्प आणि स्टाइन यांनी 1943 मध्ये मांडलेल्या वेग-प्रवणतेच्या भाषेत पहिल्या टप्प्यात सेकंदामागे 700 ते 1000, दुसऱ्यात 20 ते 80. तयार झालेले फ्लॉक (कणांचे पुंजके) सेंट्रिफ्यूगल पंपाने सेटलरमध्ये ढकलणे ही रचना आम्ही सरळ चूक मानतो. फिरणारा इम्पेलर ते फोडतो आणि फुटलेला फ्लॉक पूर्वीसारखा मोठा होत नाही. टाकी उंचावर घ्या आणि पाणी उतारानेच जाऊ द्या.

झीटा मीटर प्रत्येक कारखान्याला परवडत नाही. रंगीत पाण्यात भार मोजण्याच्या टायट्रेशनमधला टोल्युइडिन ब्लूचा रंगबदलही दिसत नाही. मग जार टेस्टवरच भिस्त ठेवावी लागते. टाकीतून निघालेले पाणी लगेच जारमध्ये घ्या, एक मिनिट वेगात आणि पंधरा मिनिटे सावकाश ढवळा. जारमध्ये ते निवळले आणि प्लांटमध्ये निवळत नसेल, तर दोष बहुधा ढवळण्याचा किंवा फ्लॉक फोडणाऱ्या पंपाचा आहे. जारमध्येही निवळले नाही, तर पीएच तोच ठेवून थोडे कच्चे पाणी घाला. त्याने फ्लॉक सुधारला, तर मात्रा जास्त झाली असे समजा आणि अँपियर कमी करा.

वाचकांना विनंती: या चाचणीच्या नोंदी पीएच, अँपियर, प्रवाह आणि प्लेटांमधले अंतर यांसह आमच्याकडे पाठवा. ज्यांच्या प्लांटमध्ये उलटे घडले, त्यांनी तर नक्कीच.