स्वस्त टायर कोणाला स्वस्त?

सायकलचे सुटे भाग ऑनलाइन स्वस्त मिळतात. तेव्हा नाक्यावरच्या दुकानदाराने मुकाट्याने नामशेष व्हावे, असा उपदेश हल्ली पुरोगामी म्हणवणारेही करू लागले आहेत. पण स्वस्त कोणाला? जुन्या २८ × १½ इंची टायरचा रिमवर बसणारा व्यास ६३५ मिलिमीटर. ७००-सी टायरचा ६२२, आणि त्यावरही कित्येकदा ‘२८’च छापलेले असते. दुकानदार चाक पाहूनच नेमका टायर काढतो. चुकीचा टायर घरपोच आला, तर तो परत जाऊन दुसरा येईतो कामगाराने कारखान्यात जायचे कसे? शिवाय दुकानात एक स्पोक, चार छर्रे सुटे मिळतात, प्रसंगी उधारीवरही.

दुकानदार संत नव्हे. हाताखालच्या पोराला तो काय मजुरी देतो, हे कार्यकर्त्यांनी विचारलेच पाहिजे. निदान त्याच्याशी समोरासमोर भांडता येते.

परदेशी भांडवलावरील ऑनलाइन बाजारपेठांनी मालाच्या किमतींवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव पाडू नये, असे बंधन केंद्र सरकारने २०१६ मध्येच घातले. मग सवलतींचा हा पूर कोणाच्या तिजोरीतून येतो? त्या बंधनाच्या अंमलबजावणीचा हिशेब सरकारने जाहीर करावा, आणि तो मागण्यासाठी दुकानदार व सायकलस्वार कामगार यांना एकत्र आणण्याचे काम शाखांनी अंगावर घ्यावे.