महामार्ग आणि रानातील शांतता

श्रीनगर ते कन्याकुमारी या उत्तर-दक्षिण महामार्गाची कल्पना अटलबिहारी वाजपेयी यांच्या शासनकाळात प्रत्यक्षात येऊ लागली, तेव्हा ती केवळ दळणवळणाची सोय नव्हती, तर राष्ट्र एका सूत्रात गुंफण्याचा तो संकल्प होता. पूर्वीचा सात क्रमांकाचा आणि आता 44 क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यातून पांढरकवडा, पाटणबोरी असा पैनगंगेकडे जातो. त्याने या मागास भागाचे नागपूर व हैदराबादशी नाते जोडले. रस्ता नको, असे म्हणणारा माणूस या तालुक्यात मिळणार नाही, आणि मिळू नये.

परंतु याच महामार्गाच्या पश्चिमेला, केळापूर व घाटंजी तालुक्यांच्या हद्दीत, टिपाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे टिपेश्वर अभयारण्य आहे. सुमारे 148 चौरस किलोमीटरचे हे सागाचे रान वाघांमुळे गाजले. 2019 मध्ये येथून निघालेला एक तरुण वाघ बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. वाघ रस्ता ओलांडतो की चिरडला जातो, ते डोळ्यांना दिसते. रस्त्यामुळे पक्ष्यांच्या गळ्यावर आणि कानावर काय परिणाम होतो, ते मात्र दिसत नाही आणि म्हणून कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

अमेरिकेतील आयडाहो राज्यात 2012 साली शास्त्रज्ञांनी एक विलक्षण प्रयोग केला. जेथे रस्ताच नव्हता अशा डोंगरावर सुमारे अर्धा किलोमीटर ध्वनिक्षेपक मांडून त्यांनी केवळ वाहतुकीचा आवाज ऐकवला. ना धूर, ना डांबर, ना चाक. तरीही तेथील पक्ष्यांची संख्या एक चतुर्थांशाहून अधिक घटली. जे राहिले त्यांतील काहींची शरीरप्रकृती खालावली, कारण शत्रूची चाहूल कानांनी लागेना आणि दाणे टिपण्याचा वेळ मान वर करून पाहण्यात जाऊ लागला.

वाहनांची घरघर ही खर्जातली असते. होला, भारद्वाज, घुबड यांचे बोलही त्याच पट्टीतले, म्हणून ते आधी बुडतात. हॉलंडमधील लायडन शहरात, आपल्याकडील रामगंगा पक्ष्याचे भाईबंद गोंगाटाच्या वस्तीत वरच्या पट्टीत गातात, असे 2003 मध्ये आढळले. प्रत्येक पक्ष्याला अशी पट्टी बदलता येत नाही. अनेक जातींची पिले गाणे ऐकूनच शिकतात. मोठ्यांचे बोलच नीट कानी पडले नाहीत, तर ती शिकणार काय?

हा प्रश्न केवळ पक्षिप्रेमींचा नाही. तांबट, हळद्या, बुलबुल, धनेश यांनी फळे खाऊन बी दूर टाकले, तरच वड, पिंपळ, उंबर रानात नव्याने उगवतात. पक्षी रस्त्यापासून मागे सरले की ही पेरणीही मागे सरते. छत्र तुटल्याने कडेची जमीन तापते, सुकते, आणि मोकळ्या जागी गाजरगवत, घाणेरी, रानतुळस यांचे राज्य होते. (गाजरगवताला लोकांनी दिलेले दुसरे नाव वाचकांना ठाऊक आहेच; त्यावर अधिक भाष्य नको.) रात्री तापलेल्या डांबरावर येऊन बसणारा रातवा दिव्यांनी दिपतो आणि चाकाखाली जातो. मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाच्या रानांत आयुष्य वेचून पक्ष्यांची मराठी आणि वनवासी नावे कोशात जतन केली. 2025 मध्ये ते गेले. केळापूर परिसरातील कोलाम आणि गोंड बांधवांच्या बोलीत अशी नावे आहेत. पाखरेच उरली नाहीत, तर ही नावे कोशातच राहतील.

यावर ‘विकास थांबवा’ हे उत्तर नव्हे. महानगरातील वातानुकूलित दालनात बसून वनवासी भागातील रस्त्याला विरोध करणाऱ्यांचे पर्यावरणप्रेम तपासून घेण्यासारखेच असते. तथापि ‘रस्ता झाला, आता बाकी पाहू’ ही कंत्राटदारी वृत्तीही तितकीच परकी आहे. क्रौंच पक्ष्याच्या वधाने व्याकुळ झालेल्या ऋषीच्या मुखातून ज्या देशाचे आदिकाव्य निघाले, त्या देशात पाखराच्या आवाजाची किंमत कोणी परदेशी विद्यापीठाने सांगावी, हेच मुळी खेदजनक.

उपाय याच महामार्गावर उत्तरेला उभे आहेत. पेंचमध्ये महाराष्ट्राच्या बाजूने बांधलेल्या नऊ भुयारी मार्गांचा व पुलांचा 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यास केला. 18 जातींचे प्राणी त्याखालून गेल्याचे दिसले. पुढे मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात आवाज व उजेड अडवणाऱ्या उंच पोलादी भिंतीही उभारल्या गेल्या. बंदीपूरच्या जंगलात 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. केळापूरला एवढ्या कठोर बंदीची मागणी व्यवहार्य नाही, कारण ही देशाची मुख्य धमनी आहे. पण रानालगतच्या पट्ट्यात रात्रीची वेगमर्यादा, कर्कश हॉर्नवर बंदी आणि कडेला शोभेच्या झुडपांऐवजी पळस, मोह, उंबर यांची लागवड, यांपैकी काय अशक्य आहे? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सक्षम अधिकाऱ्यांना शांतता क्षेत्र घोषित करता येते. रुग्णालय आणि न्यायालयापाशी जी पाटी लागते, ती रानापाशी लावण्याचा प्रस्ताव पांढरकवड्याहून का जाऊ नये?

त्यासाठी नोंदी लागतील. केळापूरच्या जगदंबेला नवरात्रात भाविकांची रीघ लागते. तेव्हा आणि एरवीही, पहाटे रस्त्यालगत, अर्ध्या किलोमीटरवर आणि दोन किलोमीटरवर कोणते पक्षी ऐकू येतात, हे तालुक्यातील शिक्षक, विद्यार्थी आणि शाखांतील तरुण वर्षभर टिपू शकतील. त्याला एक वही, घड्याळ आणि रानातली नावे सांगणारा एखादा कोलाम वृद्ध, एवढेच पुरे.