वाघासाठी जमले, माणसासाठी का अडले?

ताडोबाच्या जंगलात पहाटे गस्तीला निघालेला वनरक्षक आज आपल्या वाटेची नोंद हातातील मोबाईलवर करतो. पाणवठ्याकाठची पाऊलखूण, सागाच्या खोडावरील नखांचे ओरखडे, कोणी लावून ठेवलेला तारेचा फास, जे दिसेल ते तो जागीच टिपतो. तेथे नेटवर्क नसते. परंतु त्यामुळे त्याचे काम अडत नाही. नोंद यंत्रातच साठून राहते आणि तो संपर्काच्या टप्प्यात परतल्यावर पुढे रवाना होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० पासून रुजवलेली ‘एम-स्ट्राइप्स’ ही ती व्यवस्था होय. २०१८ च्या व्याघ्रगणनेत ती मोबाईल ॲपच्या रूपाने देशभर वापरली गेली. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला, त्यामागे ही शिस्त उभी आहे. ज्यांनी ती आखली, त्यांनी आधी जंगलात चालणारा माणूस पाहिला आणि मग यंत्रणा लिहिली. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

आता याच राज्यातील दुसरे चित्र पाहावे. २०२१ च्या मार्च महिन्यात ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप अंगणवाड्यांसाठी आले. बालकाचे वजन, उंची, आहार यांची नोंद सेविकेने त्यावर करावी, हा हेतू उत्तमच होता. मात्र त्याच वर्षी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका हातात मोबाईल घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि सरकारने दिलेले ते मोबाईल त्यांनी सरकारलाच परत केले. यंत्रे तापत होती, त्यांची साठवणक्षमता अपुरी होती आणि ॲपची भाषा इंग्रजी होती. मराठी शाळेत शिकलेल्या, मराठी मुलांचे वजन करणाऱ्या बाईने इंग्रजीत नोंद का करावी, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. पुढे मराठी आली, हे खरे. पण सेविकांनी मोबाईल परत करेपर्यंत ती का सुचली नाही? आणि भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात, जेथे घरातली आई माडिया बोलते, तेथील सेविकेचे काय? तिने आईचे माडिया मनात मराठीत आणायचे आणि मराठीचा तक्ता यंत्रात भरायचा. या दुहेरी कसरतीत जे सांडते, ते कोणत्याही अहवालात दिसत नाही.

हे दोष सेविकेचे नाहीत आणि केवळ एका ॲपचेही नाहीत. ॲप ज्या साच्यावर घडते, तेथपर्यंत जाऊन पाहावे लागते. संगणकाच्या परिभाषेत या साच्याला ‘फ्रेमवर्क’ म्हणतात. मोबाईलचे जग आज दोन संस्थानांत वाटले गेले आहे. एक गूगलच्या अँड्रॉइडचे, दुसरे ॲपलच्या आयफोनचे. दोन्हींसाठी प्रणाली लिहिण्याची भाषा वेगळी, नियम वेगळे. एकच ॲप दोनदा लिहावे, दोनदा दुरुस्त करावे, दुप्पट पैसा मोजावा, असा हा प्रकार आहे. त्यावर उपाय म्हणून एकदाच लिहावे आणि दोन्हीकडे चालावे असे साचे निघाले. फेसबुकने २०१५ मध्ये ‘रिॲक्ट नेटिव्ह’ आणले. गूगलच्या ‘फ्लटर’ची पहिली पक्की आवृत्ती २०१८ च्या डिसेंबरात आली. आज भारतातील असंख्य ॲप या दोन साच्यांतून निघतात.

भामरागडात आयफोन वापरतो कोण, असा प्रश्न एखादा चतुर अधिकारी विचारील. प्रश्न वरवर रास्त आहे. परंतु ग्रामसभेच्या सचिवाने आपल्या स्वस्त अँड्रॉइडवर केलेली नोंद तहसील कार्यालयाच्या संगणकावर उमटली पाहिजे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात जे यंत्र असेल त्यावरही दिसली पाहिजे. साचा एक असला की हे घडते. तो नसला की प्रत्येक खाते आपले वेगळे ॲप काढते, निविदा काढते, ठेकेदार नेमते. ठेका संपला की ॲप अनाथ होते. गूगलचे दुकान दरवर्षी नव्या आवृत्तीशी जुळवून घेण्याची अट घालते आणि जे ॲप जुळवून घेत नाही, ते नव्या मोबाईलवर दिसेनासे होते. गडचिरोलीत कोणी कष्टाने भरलेली माहिती अशी डोळ्यांदेखत वाऱ्यावर जाऊ शकते.

साचा दुसऱ्याच्या हाती असला की काय होते, याची उदाहरणे ताजी आहेत. ‘फोनगॅप’ नावाचा असाच एक साचा अत्यंत लोकप्रिय होता. ॲडोबी कंपनीने २०११ मध्ये तो घडवणारी संस्था विकत घेतली आणि २०२० मध्ये त्याचे दुकान बंद केले. ‘झामरिन’ची तीच कथा. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये तो घेतला आणि १ मे २०२४ पासून त्याचा आधार काढून घेतला. ज्यांनी त्यावर वर्षानुवर्षे काम उभारले, त्यांना ते नव्याने उभारावे लागले. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गूगलने अनेक नामांकित भारतीय ॲप आपल्या दुकानातून काढून टाकली. केंद्र सरकारने डोळे वटारल्यावर ती परत आली. जुलै २०२५ मध्ये तर गुजरातेत वाडीनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीची सेवा मायक्रोसॉफ्टने युरोपीय निर्बंधांकडे बोट दाखवून थांबवली. कंपनी भारतीय भूमीवर काम करते, भारतीय कायद्याने चालते आणि तरीही तिचे टपाल परकीय निर्णयाने बंद पडले! ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा सेवा सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत असेल तर कोरची तालुक्यातील ग्रामसभेने कोणत्या न्यायालयाचे दार ठोठवायचे?

यावर आपल्याकडील तंत्रज्ञ मंडळींचे उत्तर ठरलेले असते. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह यांचा स्रोत खुला आहे, फुकट आहे, मग चाकाचा शोध पुन्हा कशाला? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. फोनगॅप बुडाले, परंतु त्याचा गाभा ‘कॉर्डोव्हा’ या नावाने वाचला, कारण तो वेळीच अपाची या सार्वजनिक प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला गेला होता. खुल्या स्रोताचे बळ मोठे आहे, हे त्यातून सिद्धच होते. तेव्हा चाक खुशाल घ्यावे. स्वदेशी म्हणजे चाक नाकारणे नव्हे. पण जू तरी आपल्या बैलांच्या खांद्याच्या मापाचे नको काय? खुल्या स्रोताच्या पायावर आपला थर रचता येतो. नेटवर्क नसताना चालणारा, दोन ठिकाणांहून एकाच नोंदीत बदल झाला तर त्याचा मेळ घालणारा, लिपी आणि अक्षरे स्वतःसोबत वाहून नेणारा, वाचता न येणाऱ्यास आवाजाने विचारणारा, जुन्या यंत्रावरही न तापणारा असा हा थर असावा. कॅलिफोर्नियात बसून तो कोणी आपल्यासाठी लिहिणार नाही. त्यांना त्यात नफा दिसत नाही.

नफ्याविना तो लिहिणारे मात्र जगात आहेत आणि येथे थोडे कटू सत्य ऐकावे लागेल. एसआयएल ही १९३४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था. बायबल प्रत्येक भाषेत पोहोचावे, या ध्येयाशी तिचे काम जोडलेले आहे आणि ते कोणी लपवलेले नाही. या संस्थेने ‘स्क्रिप्चर ॲप बिल्डर’ नावाचा साचा सिद्ध केला. कोणतीही लहानशी बोली घ्या, तिचा मजकूर, तिची अक्षरे, तिचा ध्वनी त्यात घाला, प्रोग्रामिंगची एक ओळही न लिहिता ॲप तयार होते आणि ते नेटवर्काविना चालते. शब्दकोशासाठी तसाच वेगळा साचा, टंकलेखनासाठी ‘कीमॅन’ हा कळफलक. सगळे विनामूल्य. धर्मांतरावर सभा घेणाऱ्यांनी ही चिकाटी एकदा शांतपणे पाहावी. वनवासी बांधवांच्या बोलीला यंत्रात स्थान मिळावे म्हणून जे काम विद्यापीठांनी, शासनाने आणि आपण स्वतः करायचे, ते इतरांनी आपल्या हेतूने करून ठेवले आहे. दोष कोणाला द्यायचा?

गोंडी ही काही मूठभरांची बोली नाही. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक आहेत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी लिपी रचली. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी जुन्या लिपीतील हस्तलिखिते सापडली. या दोन्ही लिपींना २०१७ आणि २०१८ मध्ये जागतिक युनिकोडमध्ये स्थान मिळाले. लिपीला संगणकीय क्रमांक मिळाला म्हणजे ती मोबाईलवर आली असे मात्र नव्हे. अटलजींच्या सरकारने २००३ मध्ये ९२ व्या घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो यांना आठव्या परिशिष्टात मानाने बसवले. गोंडी बाहेरच राहिली. भाषांतराची ‘भाषिणी’ ही राष्ट्रीय योजनाही प्रामुख्याने परिशिष्टातील २२ भाषा डोळ्यांपुढे ठेवून आखली गेली. केंद्रीय जनजातीय कार्य मंत्रालयाने २०२५ च्या सप्टेंबरात आणलेल्या ‘आदि वाणी’ने प्रथमच संथाळी, भिली, मुंडारी यांच्या पंक्तीत गोंडीला बसवले. आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखाली झालेले हे काम ऐतिहासिक आहे. पण त्यासाठी भाषेची सामग्री देणाऱ्या जनजाती संशोधन संस्थांच्या यादीत झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, मेघालय ही नावे आहेत. महाराष्ट्र नाही. मंडल्याची गोंडी आणि भामरागडची माडिया यांत किती अंतर आहे, हे तेथे एक रात्र मुक्काम केलेल्या कोणासही कळेल. पुण्यातील आपली आदिवासी संशोधन संस्था त्या पंगतीला का नव्हती, हे महाराष्ट्राने विचारले पाहिजे.

आजवर एक सबब हाताशी होती. माओवादी. ती खोटीही नव्हती. १ मे २०१९ रोजी दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने पेटवून दिली गेली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक हुतात्मा झाले. रस्ता, मनोरा, शाळा, जे जे वनवासी माणसाला उर्वरित देशाशी जोडते, त्यावर बंदुकीचा राग होता. शहरातील काही विचारवंतांना त्यात क्रांती दिसत होती. ती सबब आता उरली नाही. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. दुर्गम गावांत मनोरे उभे राहत आहेत. त्या मनोऱ्यांवरून प्रथम काय उतरणार? परभाषेतील चित्रफिती आणि जुगाराच्या जाहिराती, की त्या माणसाच्या कामाचे काही?

साधने आपल्याकडे नाहीत असे कोणी म्हणू नये. अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. शासकीय ॲपसाठी सी-डॅकचे स्वतःचे दुकानही आहे. खुल्या स्रोताला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ पासून कागदावर आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात बसून श्रीधर वेंबू यांच्या झोहोतील तरुण जगाला प्रणाली विकतात, तर गडचिरोलीतील पदवीधराने पुण्याच्या खोलीत चौघांत राहून परकीय कंपनीचे ॲपच का दुरुस्त करावे? विद्यापीठाने साचा लिहावा, सी-डॅकने तो तपासावा, पुण्याच्या संस्थेने माडिया, गोंडी आणि जिवतीच्या कोलामांची कोलामी यांचे शब्द आणि आवाज द्यावेत आणि सिद्ध झालेला स्रोत कोणाही खात्याच्या कपाटात न ठेवता सर्वांसाठी मोकळा करावा.

पहिली परीक्षा कशावर घ्यावी, हेही जंगलच सांगते. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर कितीतरी ग्रामसभा आपला तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मे महिन्याच्या उन्हात बाया पहाटेपासून पाने तोडतात, दुपारी पुडे बांधतात आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून देतात. मोजणारा वहीत लिहितो. तिला वही वाचता येत नाही. तिच्या हातातल्या मोबाईलने तिच्याच बोलीत, नेटवर्क असो वा नसो, त्या संध्याकाळी तिला एवढेच सांगावे, की आज तुझे किती पुडे लिहिले गेले.