हाताच्या मापाचे वाद्य



भीमगीतांचा कार्यक्रम रंगात आला म्हणजे आपले लक्ष गायकाकडे असते, शब्दांकडे असते, फार तर ढोलकीवाल्याच्या बोटांकडे असते. पण ढोलकीच्या थापेखाली आणखी एक घुमारा चाललेला असतो. तो थांबला की मंडपात काहीतरी रिते झाल्यासारखे वाटते, काय गेले ते मात्र चटकन सांगता येत नाही. तो घुमारा बेस गिटारचा. चार जाड तारांचे, विजेवर वाजणारे हे खर्जाचे वाद्य. जलशाच्या काळी ढोलकी, तुणतुणे आणि झांज यांवर भागत असे. पुढे बेंजो आला, कीबोर्ड आला आणि ऑर्केस्ट्रांच्या मागोमाग बेस गिटारही वस्तीपर्यंत पोचली. हिंदी सिनेमात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवीत. त्यांचे नाव थोड्यांना ठाऊक आहे, त्यांच्या तारांचा आवाज मात्र देशभर ऐकला गेला.

शिरूरच्या आमच्या गायनपार्टीसाठी अशी एक गिटार गेल्या हिवाळ्यात दौंडच्या एका मिस्त्रींनी घडवली. मंडळाचा हिशेब आमच्याकडे असल्याने न्हावरा, चौफुला करीत दौंडच्या एस.टी.च्या बऱ्याच फेऱ्या आम्हाला घडल्या. त्या कामाची हकीकत आज सांगत आहोत, कारण ती केवळ एका वाद्याची नाही.

अडचण कोणाची?

आमच्या पार्टीत बेस वाजवते ती अकरावीतली मुलगी. आई रांजणगावच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामावर जाते. पोरीचा कान असा की गायकाने पट्टी बदलली तर दुसऱ्या ओळीला ती त्याला गाठते. वाजवायची ती मागून आणलेली, नेहमीच्या मापाची गिटार. त्या मापात घोडीपासून मानेच्या टोकापर्यंत वाजती तार ३४ इंच असते. पहिल्या चार पडद्यांचा पल्ला जवळजवळ १७८ मिलिमीटर भरतो. तिचा पंजा लहान. बोटे कशीबशी पोचत, पण मनगट वाकडे होई आणि तीन गाणी झाली की अंगठ्याचे मूळ दुखू लागे.

यावर आमच्यातल्याच काही जाणत्यांनी तोडगा सुचवला, "पोरीला कोरसमध्ये उभी करा, बेस एखाद्या दांडग्या पोराकडे द्या." मुलगी एवढेच म्हणाली, "हात लहान आहे काका, कान लहान नाही." सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग महिला मंडळाच्या एका बाईंनी विचारले, "हात वाढत नसेल तर गिटार लहान होते का?"

होते. तिला शॉर्ट स्केल बेस म्हणतात. तारेची लांबी ३० इंचांच्या आसपास. बाजारात ती अजिबात मिळत नाही असे नाही, पण बहुधा मागवावी लागते, आणि हाताला बसते की नाही हे पैसे भरल्यावर कळते. दौंडचे मिस्त्री रेल्वेतून निवृत्त झालेले. दौंड हे जंक्शन, तिथे एकेकाळी अँग्लो-इंडियन कुटुंबे बरीच होती. त्यांच्या घरच्या गिटारी तरुणपणी दुरुस्त करता करता या गृहस्थांना वाद्याची नाडी कळली. त्यांनी मुलीला समोर बसवले आणि म्हणाले, "हात पुढं कर पोरी. आधी तुझं माप घेऊ, मग लाकडाचं."

चौतीस इंच कोणाचा नियम?

वाचकहो, प्रचलित माप हेच योग्य माप, असे आपल्या मनात फार लवकर ठसते. म्हणून थोडा इतिहास पाहू. अमेरिकेत सिएटल शहरी पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात, आडवी धरून वाजवायची, पडदे असलेली विजेची बेस विकायला काढली. तिची तार साधारण ३० इंचांची होती. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ३४ इंचांची बेस बाजारात आणली. ती गाजली आणि तेच माप रूढ झाले. गिब्सन कंपनीने १९५३ मध्ये आणलेली बेस पुन्हा साडेतीस इंचांची होती. जर्मनीच्या हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस ३० इंचांची. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तीच घेतली. ते डावखुरे. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी गिटार उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही, हा त्यांचा विचार होता. ती गिटार १९७२ मध्ये चोरीस गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी सापडून त्यांच्याकडे परत आल्याची बातमी २०२४ मध्ये जगभर छापून आली.

म्हणजे आखूड बेस ही मोठ्या बेसची धाकटी, कमअस्सल बहीण नव्हे. ती आधीपासून आहे. आपल्या मिरजेतही तेच दिसते. सतार आणि तंबोऱ्यासाठी मिरज प्रसिद्ध. तेथील वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथले कारागीर पुरुषी आवाजासाठी मोठा तंबोरा आणि बायकांच्या उंच पट्टीसाठी लहान तंबोरा करतात. गाणाऱ्याची गरज पाहून लांबी ठरते. लहान तंबोऱ्याला कोणी अर्धा तंबोरा म्हणत नाही.

मात्र आखूड करण्याची किंमत असते, तीही सांगितली पाहिजे. तंबोरा लहान होतो तेव्हा त्याचा स्वरही वर जातो. बेसचा स्वर खालीच राहायला हवा. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तीच तार ३४ ऐवजी ३० इंचांवर त्याच स्वरात लावली तर ताण शंभराला अठ्ठ्याहत्तर एवढाच उरतो. तार ढिली पडते, खडखडते. त्यासाठी थोडी जाड तार घ्यावी लागते. आवाज किंचित गोल आणि मऊ होतो, टोकदारपणा कमी होतो. भीमगीताला तो गोल आवाज शोभतो, असे आमच्या ढोलकीवाल्याचे मत पडले.

कागदावरचे काम

करवतीच्या आधी कागद आला, आणि इथे आमच्या बी.कॉम.चा थोडा उपयोग झाला. पडदे कुठे बसवायचे याचे गणित ठरलेले आहे. उरलेल्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचे, येईल तेवढ्यावर पुढचा पडदा. ३० इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर. पहिला पडदा ४२.८ वर, पाचवा १९१.१ वर, सातवा २५३.४ वर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३८१ वर. चौथा पडदा येतो १५७.२ वर. मोठ्या गिटारपेक्षा २१ मिलिमीटर अलीकडे. तेवढ्या अंतरासाठी एक पोरगी पार्टीबाहेर जाणार होती.

मिस्त्रींचा एक दंडक होता. प्रत्येक पडद्याचे माप मानेच्या टोकापासूनच घ्यायचे, मागच्या पडद्यापासून नाही. मागच्यापासून मोजले तर प्रत्येक वेळी केसभर चूक पुढे जाते आणि विसाव्या पडद्यापर्यंत तिची बेरीज होते. खातेवही लिहिणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

लाकूड, पोलाद, तांबे

मानेसाठी जुन्या दाराच्या चौकटीचा सागवान घेतला. वर्षानुवर्षे वाळलेले लाकूड आता वाकायचे नाही, हा हिशेब. पडद्यांच्या पट्टीला शिसव, कारण तारेच्या घासण्याला कठीण लाकूड लागते. अंगासाठी शिवण. शिवण हलके असते आणि फारसे फुगत-आटत नाही. वजन हा महत्त्वाचा मुद्दा होता. दोन तास पट्टा खांद्याला घेऊन उभे राहायचे, तेही सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने. पट्ट्याची वरची खुंटी बाराव्या पडद्याच्या जवळ येईल असा अंगाचा आकार काढला. तसे नसेल तर मान खाली कलंडते आणि डावा हात वाजवण्याऐवजी तोलण्यातच जातो.

चारही तारांचा मिळून ताण अंदाजे ६० किलो, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून जास्त. नुसते लाकूड तो जन्मभर पेलणार नाही. म्हणून मानेत खाच पाडून पोलादी सळई बसवली. टोकाचा नट फिरवला की मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. पडद्यांची तार पांढऱ्या धातूची, तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाची. ती खाचांत ठोकून कानशीने एका पातळीत आणायला पुरे दोन दिवस गेले. एक जरी पडदा उंच राहिला तरी तार त्यावर कुरकुरते.

मुलीला सर्वांत नवल वाटले पिकअपचे. मुंबईहून मागवलेली ती डबी मिस्त्रींनी उघडून दाखवली. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तिचाच पुढे आवाज होतो. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. फॅरडे लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, पोटासाठी बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. बांधायला आलेली पुस्तके वाचून तो माणूस शास्त्रज्ञ झाला. हे आम्ही तिला सांगितले तेव्हा तिने डबी हातात घेऊन पुन्हा एकदा पाहिली.

पिकअपच्या खाचेला आतून तांब्याचा पत्रा लावला, त्यामुळे मंडपातल्या दिव्यांची गुणगुण कमी होते. शेवटी घोडीवर स्वर जुळवला. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून येणारा स्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर एक झाला पाहिजे. दाबलेला चढा निघाला तर घोडीवरचा तारेचा टेकू मागे सरकवायचा. जाड तारेचा टेकू सर्वांत मागे जातो.

मजुरी घेणार की नाही?

खरा पेच निघाला तो काम संपताना. मिस्त्री म्हणाले, "समाजाचं काम आहे, पोरगी नातीसारखी. मजुरी नको." सभेत टाळ्या पडल्या. आम्ही मात्र उभे राहून विरोध केला. आपल्या आजोबा-पणजोबांची मेहनत गावाने वतनाच्या नावाखाली फुकट राबवली. त्या वतनाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले, आणि ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. ज्यांनी फुकट राबण्याविरुद्ध लढा दिला त्यांच्याच नावाने आपण एका कारागिराला फुकट राबवायचे का? प्रेमाने दिलेले असले तरी त्याची पुढे प्रथा पडते. उद्या दुसऱ्या मिस्त्रींकडेही आपण तीच अपेक्षा करू.

बराच वाद झाला. शेवटी दौंडात सुतारकामाचा जो रोज आहे त्या दराने मजुरी ठरली. मिस्त्रींनी ती घेतली, पावतीवर सही केली, आणि त्यातून काही रक्कम देणगी म्हणून मंडळाला दिली. तिचीही पावती फाडली. मजुरी आणि देणगी या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हे आमच्या सभासदांना त्या दिवशी कळले. एकूण खर्चात लाकडाला सर्वांत कमी गेले आणि पिकअप, खुंट्या, घोडी या तयार सामानाला सर्वांत जास्त. रक्कम महिला मंडळाच्या वर्गणीतून उभी राहिली. "एका पोरीसाठी समाजाचा पैसा कशाला?" असे विचारणारे होते. त्यांच्यासाठी ठरावात लिहिले की गिटार मंडळाच्या मालकीची राहील. आज ही वाजवते, उद्या तिच्यासारखा हात असलेले दुसरे मूल वाजवील.

वाचकांसाठी दोन शब्द

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मुलीने दोन तास बेस वाजवली. अंगठा दुखला नाही. कोरसमध्ये उभी करा म्हणणारे जाणते पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी नंतर विचारले ते एवढेच की धाकट्या नातवाला हिच्याकडे कधी पाठवू.

ज्यांच्या घरी मुले वाद्य शिकू पाहतात त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुकानात जाताना मुलाला बरोबर न्या, वाद्य हातात देऊन उभे राहून धरायला सांगा. शॉर्ट स्केल बेसला तारा त्याच मापाच्या मागा. लांब तार कापायची वेळ आलीच तर आधी ती काटकोनात वाकवा आणि मग वाकवलेल्या भागापुढे कापा, नाहीतर तिचे वेढे सैल पडतात. बेस नेहमी बेसच्याच ॲम्प्लिफायरवर वाजवा, साध्या स्पीकरचा पडदा खर्जाच्या धक्क्याने फाटू शकतो. आणि मंडपवाल्याला अर्थिंग दाखवायला सांगा. अर्थिंग नसेल तर कार्यक्रम तासभर उशिरा सुरू करा, पण मुलांच्या हातात विजेचे वाद्य देऊ नका.

पडद्यांच्या मापांचा कागद आम्ही मंडळाच्या दप्तरात लावून ठेवला आहे. दौंड-शिरूर भागातल्या कोणा पार्टीला हवा असल्यास रविवारी विहारात यावे, नक्कल करून घ्यावी. येताना मुलाला सोबत आणावे.

जयभीम.