रिपोर्टातलं शून्य आणि आपली खाडी

पोस्ट जरा लांब आहे. पण कारखान्याच्या शेजारी आणि खाडीच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा शांतपणे वाचावी, ही विनंती.

मागे आपल्या जिल्ह्यातल्या एका जनसुनावणीला बातमीसाठी गेलो होतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. दाराशी चहा-बिस्किटांबरोबर एक गुळगुळीत पुस्तिका हातात दिली. त्यात 'लाइफ सायकल असेसमेंट' होतं. म्हणजे कच्चा माल खणण्यापासून वस्तू टाकून देईपर्यंत तिचा निसर्गावर किती भार पडतो, त्याचा हिशेब. जनसुनावणीसाठी तो कायद्याने सक्तीचा नाही, पण छाप पाडायला बरा.

त्या तक्त्यात एक ओळ होती. कारखान्याच्या सांडपाण्यामुळे पाण्यात शेवाळ माजवणारा भार : ०.००.

शेजारी बसलेल्या सत्तरीतल्या कोळी काकांनी त्यावर बोट ठेवलं. "भाऊ, शून्य कसं? पाणी तर खाडीतच सोडतात ना?" त्यांनी उठून विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, "सॉफ्टवेअरने काढलंय, आंतरराष्ट्रीय पद्धत आहे." टाळ्या. पुढचा प्रश्न.

माझ्या डोक्यातून ते शून्य जाईना. पुण्यात माझी भाची याच क्षेत्रात काम करते. तिने लॅपटॉपवर 'ओपनएलसीए' उघडून दाखवलं. जर्मनीत बनलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. म्हणाली, "मामा, यात जादू काही नाही. दोन याद्या असतात."

पहिली यादी उत्सर्जनाची. कुठला पदार्थ, किती किलो, आणि कुठे गेला : हवेत, नदीत, समुद्रात की जमिनीत. दुसरी यादी परिणामाची. त्यात प्रत्येक पदार्थाचा गुणक असतो. उदाहरणार्थ मिथेन. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चौथ्या अहवालात १ किलो मिथेन म्हणजे २५ किलो कार्बन डायऑक्साइड, पाचव्यात २८. पहिल्या यादीतला आकडा गुणिले दुसऱ्या यादीतला गुणक, मग बेरीज. झालं.

पण गुणाकार कधी होतो? दोन्ही याद्यांत पदार्थ आणि तो गेला ती जागा जुळली तरच. नाही जुळली तर सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ओरडत नाही. तो पदार्थ बेरजेत येतच नाही, आणि तक्त्यात शून्य उमटतं.

आपल्याला हे नवीन नाही. सातबाऱ्यावर 'रामा', आधारवर 'रामचंद्र'. माणूस एकच, पण मोबदला अडकतो. फरक एवढाच की तलाठी निदान सांगतो तरी, नाव जुळत नाही म्हणून.

आता आपल्याकडची तीन उदाहरणं घ्या.

एक, सांडपाणी. आपल्याकडे ते मोजतात सीओडी, बीओडी, टीडीएस अशा एकत्रित मापांत. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या सीएमएल पद्धतीत सीओडीला गुणक आहे, ०.०२२. म्हणजे १००० किलो सीओडी सोडला तर २२ किलो फॉस्फेटइतका भार. 'रेसिपी २०१६' या दुसऱ्या गाजलेल्या पद्धतीत मात्र सीओडीला गुणकच नाही. पाणी तेच, पाइप तोच. एका पद्धतीत २२, दुसरीत शून्य.

दोन, धूळ. चिमणीतून निघणारी धूळ आपल्याकडे एकूण वजनात मोजली जाते. 'रेसिपी २०१६' ला धुळीतले फक्त २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण हवेत, कारण तेच फुप्फुसात खोल जातात. नुसतं 'धूळ' लिहिलं की ती जुळत नाही. मग एकूण धुळीत बारीक किती, हे कन्सल्टंट अंदाजाने ठरवणार.

तीन, आणि हे सगळ्यात जवळचं. या याद्यांमध्ये नदी आहे, तळं आहे, समुद्र आहे. आपली खाडी कुठाय? दिवसातून दोनदा भरती येणारं, अर्धं गोडं अर्धं खारं पाणी. निवट्या नि जिताडा जगतात ते पाणी. कन्सल्टंटने तिथे 'समुद्र' निवडलं, की गोड्या पाण्यात शेवाळ माजवणाऱ्या फॉस्फरसचा हिशेब शून्य. 'नदी' निवडलं तर आकडा येतो. हा निर्णय माऊसच्या एका क्लिकचा, आणि तो कुणी, का घेतला, हे त्या पुस्तिकेत कुठेच नव्हतं.

कुणी म्हणेल, तज्ज्ञांना हे माहीत असतं. असेल. शून्य म्हणजे 'परिणाम नाही' नव्हे, 'हिशेबात धरलं नाही', हे त्यांना कळतं. पण मंडपात बसलेल्या काकांना शून्य म्हणजे शून्यच वाटणार. आयएसओ १४०४४ हे या कामाचं मानकही हिशेबातल्या मर्यादा उघडपणे सांगायला सांगतं.

आणि हे आकडे आता वाढणार आहेत. युरोपियन युनियनने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात होणाऱ्या पोलाद, सिमेंट, खत वगैरेंच्या कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली. १ जानेवारी २०२६ पासूनचा टप्पा पैसे भरण्याचा. आपल्या जिल्ह्यात डोलवीला पोलाद बनतं, थळला खत बनतं. तिकडच्या गिऱ्हाइकाला हरितगृह वायूंचा आकडा हवाय, तो कंपन्या नीट काढतील. खाडीचा आकडा मागणारं गिऱ्हाईक तिकडे नाही. ते आपणच आहोत.

माझा विरोध ना कारखान्याला, ना सॉफ्टवेअरला. मागणी साधी आहे. असा अहवाल लोकांसमोर ठेवलात तर :

१) कुठली पद्धत, कुठल्या वर्षाची, ते लिहा.
२) न जुळलेल्या पदार्थांची यादी जोडा. भाचीने माझ्यासमोर पाच मिनिटांत काढून दाखवली.
३) जिथे हिशेब झालाच नाही तिथे '०' नको, 'हिशेब केलेला नाही' असं लिहा.
४) खाडीला नदी धरून आणि समुद्र धरून, दोन्ही उत्तरं द्या.
५) हे सगळं मराठीत द्या.

जनसुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी येते. तेवढा वेळ पुरतो. पुढच्या सुनावणीत तक्त्यात शून्य दिसलं, तर फक्त एवढंच विचारा, "मोजून शून्य आलं, की हिशेबातच धरलं नाही?" आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

या विषयातलं कुणी वाचत असेल आणि माझं काही चुकलं असेल, तर कमेंटमध्ये जरूर सांगा, दुरुस्त करेन. बाकीच्यांनी आपल्या गावच्या ग्रुपवर टाका.