प्राडानं रिपीट केलं तर ‘सिग्नेचर’, कारागिरानं केलं तर नुसती ‘परंपरा’? कोल्हापुरीचा वाद पालघरसाठीही महत्त्वाचा का आहे

जून २०२५. इटलीतल्या मिलानमध्ये प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो झाला. मॉडेल्सच्या पायातली चप्पल बघताच महाराष्ट्रानं ओळखलं, ही तर आपली कोल्हापुरी! प्राडाच्या लेखी मात्र ती फक्त ‘लेदर सँडल’ होती. सोशल मीडियावर टीकेची झोड उठली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र धाडलं आणि मग प्राडानं मान्य केलं की डिझाइनची प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे.

पण कोल्हापुरीला तर २०१९ मध्येच जीआय टॅग मिळालाय. मग प्राडाला अडवता का आलं नाही?

कारण जीआय मुख्यतः नाव आणि ठिकाण जपतो. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ठरलेल्या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येत नाही. पण कुणी घडण तीच ठेवली आणि नावच घेतलं नाही, तर केस कमजोर होते. या प्रकरणातली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली. दाद मागायची तर जीआयच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

दुसरा रस्ता २००० सालच्या डिझाइन कायद्याचा. तो जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षण देतो, पण अट अशी की डिझाइन नवं हवं. पिढ्यानपिढ्या बनत आलेली चप्पल ‘नवी’ कशी ठरणार?

खरी मेख इथंच आहे. प्राडानं १९८४ मध्ये नायलॉनची बॅग आणली. तेच नायलॉन आजही त्यांच्या कलेक्शनमध्ये फिरून फिरून येतं. शनेलच्या ट्वीडचंही तसंच. ‘यात नवीन काय?’ असं टीकाकार विचारतात, पण ते कुणाचं आहे यावर वाद होत नाही. ब्रँडचा तोचतोचपणा ब्रँडची ओळख बनतो. कारागिराचा तोचतोचपणा मात्र ‘सगळ्यांचा’, म्हणजे कुणाचाच नाही असं धरलं जातं.

आता पालघरकडे या. घिवली, बोईसर, डहाणू ज्या जिल्ह्यात येतात, तो वारली चित्रांचं घर. लग्नाच्या चौकात तांदळाच्या पिठानं काढली जाणारी ही चित्रं गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांनाही जीआय आहे. पण तीच त्रिकोणी माणसं, तोच तारपा नाच कुर्त्यावर छापून खाली नुसतं ‘ट्रायबल प्रिंट’ लिहिलं, तर? पेच कोल्हापुरीचाच.

कोल्हापुरीच्या बाबतीत पुढे तोडगा निघाला. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं जीआयच्या मालक असलेल्या लिडकॉम आणि लिडकर या सरकारी महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून २,००० जोड बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो, शिवाय कारागिरांना प्रशिक्षण, असं ठरलं.

हे कोर्टाच्या आदेशानं झालं नाही. लोकांनी चप्पल ओळखली, नाव घेऊन बोलले, म्हणून झालं. त्यामुळे यापुढे ‘ट्रायबल प्रिंट’ दिसली की शेअर करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : हे चित्र कुणाचं, आणि त्याचे पैसे कुणाला मिळाले?